कलाबाईंची आंडेर

प्रमिलाबाईंना मुतखडा झाला, तेव्हा समोरच्या कलाबाई कित्येक दिवस नीट जेवल्या नाहीत. गल्लीला वाटलं, केवढी ही शेजारणीची काळजी! मग एक दिवस कलाबाई स्वतःच जाऊन सोनोग्राफी करून आल्या. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला काहीही झालेलं नाही. त्यावर त्यांचं तोंड असं उतरलं, की त्यांचे यजमान दगाकाका घाबरले. त्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "अक्षय, रिपोर्ट वाईट शे का?"

मी म्हटलं, "नाही काका, चांगला आहे. तेच तर दुखणं आहे."

कलाबाईंच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहतो. शाळा-कॉलेज शिरपूरला झालं. आता सुरतेच्या कपडा मार्केटात साड्यांचे फोटो कंप्युटरवर उजळ करायचं काम करतो. त्याच साड्यांच्या मागच्या बाजूला लोंबणारे धागे कापायचं काम आमच्या डिंडोलीच्या गल्लीतल्या बायका करतात. टेम्पोवाला सकाळी साड्यांचं पोटलं दारात टाकून जातो. बायका आपापल्या ओट्यावर मांडीवर साडी उलटी पसरून छोट्या कात्रीनं धागे उडवत बसतात. कलाबाईंची कात्री धाग्यावर असते आणि नजर समोरच्या प्रमिलाबाईंच्या दारावर. दोन्ही कामं त्या सारख्याच बारकाईनं करतात.

प्रमिलाबाईंचं घर कोपऱ्यावरचं, त्याचा हेवा. प्रमिलाबाईंच्या तुळशीला मंजिऱ्या जास्त, त्याचा हेवा. प्रमिलाबाईंचे यजमान निंबाकाका पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधून आले की गुपचूप जेवून झोपतात, आणि दगाकाका मात्र लूमच्या खात्यावरून, म्हणजे कारखान्यातून, आले की यंत्राच्या आवाजात बोलायच्या सवयीनं घरातही ओरडूनच बोलतात, त्याचाही हेवा. पण हे सगळे वरवरचे हेवे. खरा हेवा एकच. प्रमिलाबाईंना चार मुली होत्या आणि कलाबाईंना एकही नव्हती.

मुली नसल्याचं दुःख करणारी बाई मी शिरपुरातही पाहिली नव्हती आणि सुरतेतही नाही. कलाबाईंना तीन मुलगे. पहिल्या वेळी त्यांनी रत्ना नाव ठरवून ठेवलं होतं, झाला भूपेंद्र. दुसऱ्या वेळी पुन्हा रत्ना ठरवलं, झाला गजेंद्र. तिसऱ्या वेळी नाव ठरवलं नाही, नुसतं मनात धरलं, तर सागर. लोक म्हणायचे, नशीबवान आहात. कलाबाई घरच्या अहिराणीत कुरकुरायच्या, "तीन आंडोर दिधात, एक आंडेर देताना देवना हात आखडना." आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे लेक.

आणि हे सगळं आखाजीला उसळून यायचं. आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. अक्षय्य तृतीयेला लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात, आमरस-पुरणपोळी खातात आणि सासूची नक्कल करतात. सुरतेत आलेल्या खान्देशी माणसांनी हा सण सामानासोबत बांधून आणला. गल्लीत झाड नाही, म्हणून निंबाकाका दोन घरांच्या मधल्या लोखंडी पाइपाला दोर बांधतात. एक मुलगी गोडादऱ्याहून, एक पांडेसऱ्याहून, दोघी धुळ्याहून अशा चौघी येतात, आणि चार दिवस समोरच्या घराला सूज आल्यासारखं होतं.

त्याच दिवसांत कलाबाईंचं घर रिकामं होतं. भूपेंद्र आणि गजेंद्रच्या बायका आपापल्या माहेरी जातात ना! समोर चार येणार, इथून दोन जाणार. कलाबाई एकट्या पुरण वाटत बसणार आणि पाट्यावर असा जोर काढणार, की पाटा माझ्या खोलीपर्यंत ऐकू यायचा.

यंदा आखाजीच्या थोडं आधी किरणबेन आमच्या गल्लीत आल्या. कॅनॉल रोडच्या पुढे जनावरांचं एक शेल्टर आहे, तिथं त्या काम करतात. गुजराती बाई, मराठी गल्ल्यांमधून शिकलेली. वाया गेलेल्या साड्यांचे तुकडे आणि जाड चिंध्या गोळा करायला त्या अधूनमधून येतात. आजारी कुत्र्यांच्या अंगाखाली घालायला लागतात. त्या दिवशी पोतं भरलं तरी त्या उठेनात. ओट्यावर बसून पाणी प्यायल्या.

"मासी, चिंधी तर मिळून जाते," त्या कलाबाईंना म्हणाल्या, "पण जगा नाही मिळत. दोघांच्या जाळीत सहा-सहा ठेवलेत. एकाला खरूज झाली की सगळ्यांना होते. या उन्हात गाडीखाली आलेले, चक्कर येऊन पडलेले, रोज फोन येतात. आता आम्ही नाही म्हणतो. आम्ही नाही म्हटलं की ते जिथं पडलंय तिथंच."

"मग काय करायचं?" कलाबाईंनी साडी उलटवत विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

"तुमच्यातलं कोणी एखादीला थोडे दिवस घरी न्या. जखम भरेपर्यंत. दवा आम्ही देऊ. बरी झाली की परत आणून सोडा. तेवढ्यात दुसऱ्याला जगा होते."

कलाबाईंची कात्री थांबली.

"थोडे दिवस आणायची?"

"हां."

"आणि मग परत पाठवायची?"

"हां, मासी."

"पाठवताना बरोबर काय द्यायचं?"

"काही नाही द्यायचं."

"रिकाम्या हातानं पाठवायची?" कलाबाईंचा आवाज चढला. किरणबेननी माझ्याकडे बघितलं. मला तोवर उलगडा झाला होता, पण मी म्हटलं, बघू तरी कुठवर जातं.

"आखाजीला पाठवाल का?" कलाबाईंनी विचारलं. "मुलगीच पाहिजे."

माहेरवाशिणीला आणायला भाऊ जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. कलाबाईंनी गजेंद्रला सांगितलं. गजेंद्र म्हणाला, "मी कुत्रीला आणायला जाऊ? आणि खात्यावर सुट्टी कशासाठी मागू?" सागर म्हणाला त्याला कुत्र्यांची ॲलर्जी आहे, जी त्याला त्याच क्षणी झाली होती. भूपेंद्रनं फोनच उचलला नाही. अखेर शिरपूरचा मी तिचा भाऊ झालो.

शेल्टर म्हणजे पत्र्याची लांब शेड. दोन्ही बाजूंना जाळ्या, मधे चालायला वाट, आणि त्या वाटेवरही जागा न मिळालेली कुत्री बांधलेली. पाय ठेवताना खाली बघून ठेवावा लागत होता. भुंकण्याच्या आवाजानं मला दगाकाकांच्या खात्याची आठवण झाली. कलाबाई पदर नाकाला लावून जाळीजाळीशी थांबत होत्या.

"सहा जावा एका खोलीत?" त्या म्हणाल्या. "भांडत नाहीत?"

"भांडतात ना," किरणबेन म्हणाल्या. "ही बघा, हिला तर खायलाच मिळत नाही. मागे बसून राहते."

कोपऱ्यात बदामी रंगाची एक कुत्री मागच्या पायाला पट्टी बांधून बसली होती. रिक्षानं उडवलेली. एका कानाचं टोक कापलेलं.

"कान असा कसा?"

"ऑपरेशनची खूण आहे, मासी. आता हिला पिल्लं नाही होणार. पिल्लं होत राहिली तर आम्ही कितीही जाळ्या बांधल्या तरी काय उपयोग?"

कलाबाईंनी तिचा स्वभाव विचारला, रात्री रडते का विचारलं, काय आवडतं विचारलं. मी दोन साखरपुडे पाहिलेत, तिथंही एवढी चौकशी झाली नव्हती. शेवटी त्यांनी जाळीतून हात घातला. कुत्रीनं तो हुंगला आणि त्यावर हनुवटी ठेवून दिली.

"चल, रत्ना," कलाबाई म्हणाल्या.

इतक्या वर्षांचं ठरलेलं नाव असं एका कुत्रीला गेलं. रिक्षात कलाबाईंनी तिला माझ्या मांडीवर ठेवलं, कारण मुऱ्हाळी मी होतो.

आखाजीपर्यंत रत्नाचे लाड बघून मला माझ्या भाड्याच्या खोलीत एकटं वाटायला लागलं. दूधभाकरी, ओट्यावर ओलं पोतं, गळ्यात साडीच्या जरीकाठाची पट्टी. कलाबाई एरवी ओट्यावर माशी बसू देत नाहीत. आता त्या समोर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "रत्ना, तुला काय करू? तुझ्या आवडीचं करते हं." प्रमिलाबाई खाली मान घालून धागे कापत राहायच्या, आणि ते पाहून कलाबाई दुप्पट खूश व्हायच्या.

आखाजीचा दिवस उजाडला. समोर चौघी मुली आल्या, झोका बांधला, गाणी सुरू झाली. यंदा कलाबाईंचा पाटा शांत होता. त्यांनी रत्नाच्या कपाळाला कुंकू टेकवलं, समोर ताटली ठेवली आणि ताटलीशेजारी अशा बसल्या, जणू फोटो निघणार आहे.

रत्नानं दोन घास खाल्ले. मान वर केली. झोका पुढे आला, मागे गेला. ती उठली, लंगडत गल्ली ओलांडून गेली आणि झोक्याखाली जाऊन बसली.

प्रमिलाबाईंची धाकटी, वर्षा, खिदळली. "कलामावशी, बघा तरी! तुमची रत्ना झोका मागतेय!" तिनं रत्नाला उचलून मांडीवर घेतलं. झोका वर गेला. रत्नाचे कान वाऱ्यावर उडाले, जीभ बाहेर आली. सगळ्या हसल्या. रत्नाही, कुत्री जशी हसतात तशी, हसली.

"रत्ना," कलाबाई म्हणाल्या, "घर चाल."

रत्नानं शेपूट हलवलं. उतरली नाही.

कलाबाई गल्ली ओलांडून गेल्या. "मनी आंडेर शे ती. उतार तिले."

प्रमिलाबाई दारातून म्हणाल्या, "तुनी व्हई वं. पन तिले करमस मना घर." म्हणजे असेल तुझी, पण तिला करमतं माझ्या घरी.

"चार आहेत ना तुला? पाचवीही पाहिजे?"

"मी काय बांधून ठेवलीय? दाखव दोरी."

दोरी नव्हतीच, तीच अडचण होती. कलाबाईंनी रत्नाला उचलून आणलं. रत्ना पाणी पिऊन पुन्हा गेली. पुन्हा आणलं, पुन्हा गेली. दिवेलागणीला कलाबाई माझ्या जिन्याखाली येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज भांडणाचाच.

"अक्षय, उद्या तिला सोडून येऊ. ज्याचं खायचं त्याच्या दारात बसायचं नाही, असली लेक नको मला."

"मावशी, ती कुत्री आहे."

"म्हणून तर बोलतेय. मुलगी असती तर आईचं तोंड बघून थांबली असती."

समोरच्या घरात अजून गाणी चालू होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेल्टरला गेलो. किरणबेन औषधाच्या पेटीवर वाकल्या होत्या. त्यांनी रत्नाला बघितलं, आमच्याकडे बघितलं.

"मासी, एवढ्यात? हिची जगा तर भराई गई."

रत्नाच्या कोपऱ्यात एक कुत्री पिल्लांना पाजत होती. डोळेही न उघडलेली पिल्लं. कलाबाई जाळीसमोर उभ्या राहिल्या आणि कडाडल्या.

"माहेरी गेली म्हणून लगेच दुसरी आणून बसवली? चार दिवस तिची जागा राखता आली नाही तुम्हाला?"

किरणबेननी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"मासी, ठेवून जा, मी नाही म्हणत नाही," किरणबेन थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "पण मग त्या काळ्याला बाहेर काढावा लागेल. आता सावली फक्त तिथं उरलीय."

पाण्याच्या पिंपाच्या आडोशाला एक म्हातारा काळा कुत्रा बांधला होता. तोंडावरचे केस पिकलेले, एक डोळा पांढरा, अंगावर झिपऱ्या. आपल्याबद्दल चाललंय हे कळल्यासारखा तो उठून उभा राहिला, आणि उठल्यावर सरकायला जागा नाही म्हणून तसाच उभा राहिला.

"बाहेर म्हणजे?"

"जिथून आणला तिथं. मार्केटच्या पार्किंगमध्ये."

कलाबाई बराच वेळ त्या कुत्र्याकडे बघत राहिल्या. रत्ना त्यांच्या पायाला चिकटून कापत होती. तिला आत जायचं नव्हतं. त्यांनी खाली बघितलं आणि पायानं तिला थोडं जवळ ओढलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव आला, जो साडीतला अडकलेला धागा सापडल्यावर येतो.

"हा कोणाला नकोय?"

"म्हातारा आहे, काळा आहे, एक डोळा गेलाय. कोण नेणार?"

"चिकटतो का कोणाला?"

"जो खायला देईल त्याला."

"मग द्या इकडे."

मी म्हटलं, "मावशी, हा कोणासाठी?"

"प्रमिलासाठी," त्या म्हणाल्या. "तिला स्वतःचा एक झाला की दुसऱ्याच्या लेकीवर डोळा ठेवायला वेळ मिळणार नाही."

अशा रीतीनं एक घेऊन गेलेलो आम्ही दोन घेऊन परतलो. रिक्षावाला म्हणाला, "भाई, ही रिक्षा आहे, टेम्पो नाही." कलाबाई म्हणाल्या, "तुमच्याच रिक्षानं उडवलीय हिला." रिक्षा त्याची नव्हती, पण त्यानं मागची सीट झटकून दिली.

गल्लीत बायका ओट्यांवर बसलेल्याच होत्या. कलाबाईंनी काळ्या कुत्र्याचा दोर प्रमिलाबाईंच्या पुढ्यात टाकला.

"घे. तुझ्यासाठी आणलाय. तुला मुलगा नाही ना."

कात्र्या थांबल्या. हे वाक्य गल्लीत आजवर कोणी तोंडावर बोललं नव्हतं. निंबाकाका रंगानं निळे झालेले हात पुसत दारात आले. मला वाटलं, आता चप्पल उडणार. प्रमिलाबाईंनी आधी दोराकडे बघितलं. त्या कुत्र्याकडे बघत राहिल्या. कुत्रा एका डोळ्यानं त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यांनी दोर उचलला.

"ये रे, झिपरू," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे नवसानं झालेल्या मुलाला नजर लागू नये म्हणून असंच नाव ठेवतात, दगा, झिपरू, धुडकू. हे नाव त्यांना त्याच क्षणी सुचलं, की चार बाळंतपणांपासून तयार होतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

कलाबाईंची युक्ती मात्र पुरती फसली. झिपरू आला आणि रत्ना तर उठून तिकडेच. झिपरूच्या पाठीला पाठ लावून दिवसभर प्रमिलाबाईंच्या सावलीत. जेवायला आणि झोपायला तेवढी कलाबाईंकडे. मुली सासरी परत गेल्या, झोका उतरला, तरी रत्नाचा क्रम तोच. कलाबाईंची कात्री आता धाग्याबरोबर साडीही कापायला लागली.

एका दुपारी शेजारच्या ओट्यावरची शीतल म्हणाली, "काय वं कलामावशी, तुमची लेक पळून गेली म्हणे?"

सगळ्या हसल्या. समोर प्रमिलाबाईही गालात हसल्या. कलाबाईंचा चेहरा लाल झाला. आणि मग एकदम उजळला.

"पळून कशाला जाईल?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "नांदायला गेलीय. ते सासर आहे तिचं. झिपरूला दिलीय मी तिला. माहेर हे, सासर ते. लेक सासरी राहणारच की!"

वा! गल्लीनं दाद दिली. एका वाक्यात सगळं सुटलं होतं. रत्ना कितीही वेळ समोर बसली तरी ती आता कलाबाईंचीच लेक. कलाबाईंनी विजयी मुद्रेनं एक लांब धागा कापला.

समोर प्रमिलाबाईंनी कात्री खाली ठेवली. मांडीवरची साडी घडी करून बाजूला ठेवली.

"म्हणजे मी वरमाय झाले," त्या सावकाश म्हणाल्या.

कलाबाईंची कात्री हवेतच राहिली.

"चार लग्नं केली मी," प्रमिलाबाई म्हणाल्या. त्यांना कधी एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं. "चारदा दुसऱ्यांच्या आयांचे पाय धुतले. वर्षाच्या सासूनं चहा गार आहे म्हणून कप सारला, तर मी तो पुन्हा गरम करून हातात दिला. तू दोन मुलांची लग्नं केलीस, कलाबाई. कशी बसली होतीस खुर्चीत, पाय पुढे करून! तुझी विहीण वाकून वाकून विचारत होती, काही कमी पडलं का. मी बघत होते. घरी येऊन मला ताप भरला."

गल्लीत कोणी हसलं नाही.

"आता तूच म्हणालीस, सासर आहे. सगळ्यांनी ऐकलंय. मग मुलाची आई मी. मान माझा."

कलाबाई अडकल्या. नाही म्हणावं, तर रत्ना म्हणजे दुसऱ्याच्या दारात पडून राहणारी एक कुत्री, आणि आपण पुन्हा बिनलेकीच्या. हो म्हणावं, तर जन्मभर मुलाची आई म्हणून ताठ ठेवलेली मान वाकवायची, आणि तीही कोणापुढे, प्रमिलापुढे! मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. मनात चाललेली मारामारी एवढी स्वच्छ दिसत होती, की मला मधे पडावंसं वाटलं. समोर रत्ना झिपरूचा कान चाटत होती.

कलाबाई उठल्या. घरात गेल्या. हळदकुंकवाची कोयरी घेऊन गल्ली ओलांडून गेल्या आणि प्रमिलाबाईंच्या कपाळाला कुंकू लावलं.

"चहाला या, विहीणबाई," त्या दातांतून म्हणाल्या.

"येते," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पण गरम असू दे."

त्यानंतर गल्लीला काय झालं ते सांगणं अवघड आहे. एकीला लेक मिळाली, एकीला सून मिळाली, आणि बाकीच्या बायका नुसत्या बघत बसणार? शीतलनं पुढच्याच आठवड्यात दोन पिल्लं आणली आणि वर म्हणाली, "जुळी आहेत." पलीकडच्या ओळीत कोणीतरी तीन पायांचा बोका आणला आणि आमच्या गल्लीकडे बघून मोठ्यानं लाड करायला लागलं. वर्षानं एक आंधळी कुत्री नेली, कारण तिच्या सासूला प्रमिलाबाईंचा फोटो बघून राहवलं नाही. फोटोत प्रमिलाबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि कलाबाई त्यांना चहा देत होत्या. फोटो मी काढला होता आणि थोडा उजळही केला होता.

मधे किरणबेनचा फोन आला. "मासी, हिची जखम भरली असेल. जाळ्यांमध्ये आता जरा श्वास घेता येतोय. सोडायची तर आणून सोडा."

"नांदत्या घरातून मुलगी परत मागता?" कलाबाईंनी विचारलं आणि फोन माझ्या हातात दिला.

मग अधिक महिना लागला. म्हणजे धोंड्याचा महिना. लेक-जावयाला घरी बोलावायचं, धोंडे करून खाऊ घालायचे, जावयाला काहीतरी द्यायचं. कलाबाईंना आजवर हा महिना सोयीचा होता, कारण भूपेंद्र आणि गजेंद्र सासरी जाऊन खाऊन येत. यंदा महिना लागल्या दिवशीच समोरून हाक आली.

"विहीणबाई, आमच्या झिपरूला कधी बोलावताय?"

"बोलावते की," कलाबाई म्हणाल्या. मला म्हणाल्या, "बघितलंस? भुकेली आहे मेली मानाची."

किरणबेननी गोड अजिबात चालणार नाही म्हणून बजावलं होतं. म्हणून माणसांसाठी पुरणाचे धोंडे झाले आणि जावयासाठी डाळभाताचे, बिनगुळाचे, पण आकारानं तंतोतंत तसेच. ओट्यावर पाट मांडला. झिपरूच्या गळ्यात नवा पट्टा घातला. दगाकाका एवढ्या मोठ्यानं "या जवाईबापू!" म्हणाले, की जवाईबापू पाटावरून उतरून निंबाकाकांच्या मागे लपले. त्यांना पुन्हा आणून बसवलं. मी मुलीचा भाऊ, त्यामुळे वाढपी.

प्रमिलाबाई खुर्चीत बसल्या होत्या. पाय पुढे करून.

"ताटाभोवती रांगोळी नाही काढली?" त्यांनी विचारलं.

"जावई चाटून टाकतील म्हणून," कलाबाई म्हणाल्या.

"आणि धोंडे जरा कडकच झालेत."

"त्याला दात नाहीत, त्यात धोंड्यांचा काय दोष!"

"विहीणबाई?"

कलाबाई पाटापुढे वाकल्या. धोंडा हातानं कुस्करून झिपरूच्या ताटलीत घातला. झिपरूनं तो खाल्ला आणि त्यांचा हात चाटला. त्यांनी हात पदराला पुसला, पण लगेच नाही.

जेवणं झाली. प्रमिलाबाई उठल्या, झिपरूचा पट्टा हातात घेतला आणि रत्नाला चुचकारलं. "चला, सूनबाई. पुरे झालं माहेर."

रत्ना उठली. लंगडणं आता जवळजवळ गेलं होतं. तिनं एक पाऊल पुढे टाकलं.

कलाबाई दारात उभ्या होत्या. दोन्ही सुना आणि तिन्ही मुलगे मागे उभे होते. सगळ्यांसमोर त्यांनी पदर सावरला आणि जे वाक्य त्यांना आजवर दुसऱ्या बायकांनी म्हटलं होतं, ते त्या म्हणाल्या.

"आजचा दिवस राहू द्या ना तिला, विहीणबाई. उद्या पाठवते."

प्रमिलाबाई थांबल्या. हे वाक्य त्या स्वतः चार घरांच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी समोरच्या बाईनं किती वेळ लावला होता ते त्यांच्या पक्कं लक्षात असणार. त्यांनी तेवढाच वेळ लावला. थोडा जास्तच.

"बरं," त्या म्हणाल्या. "पण सकाळी लवकर पाठवा. आम्हालाही करमत नाही."

त्या गेल्या. कलाबाई रत्नाशेजारी ओट्यावर बसल्या आणि समोरचं दार लागेपर्यंत बघत राहिल्या.

"खुर्चीत काय ऐटीत बसली होती, बघितलंस?" त्या मला म्हणाल्या. "माझ्यापेक्षा बरी बसते मेली."